जिन्याखालची सायडर

आमच्याकडे सोलापुरात घरात सफरचंदं आणली की शेजारचे विचारायचे, "कोण आजारी हाय?" आंबा हौसेनं खायचा, पेरू शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून, चिंचा-बोरं फुकट. सफरचंद मात्र डॉक्टरनं सांगितलं म्हणून. गुलाबी कागदात गुंडाळलेलं काश्मिरी सफरचंद, एकाचे आठ काप. सहा आजारी माणसाला, एकेक आम्हा भावंडांना.

अप्पा शेवटचा दीड महिना दवाखान्यात होते. लिव्हर गेलं होतं, घास उतरत नव्हता आणि भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा किलो सफरचंदं घेऊन येत होता. कॉटखाली पिशव्यांची रांग लागली. आई ती वॉर्डात वाटून टाकायची. मी तेव्हा अकरावीत होते. त्यानंतर बरीच वर्षं मी सफरचंद खाल्लं नाही. मुद्दाम नाही, पण नाहीच खाल्लं.

आणि आता मी राहते हेरफर्डशरमध्ये. वेल्सच्या सीमेला लागून असलेला हा इंग्लंडचा जिल्हा. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत इथे रस्त्यावर ट्रॅक्टरमागून सफरचंदं सांडत जातात आणि गाड्या त्यांच्यावरून जाऊन अख्ख्या रस्त्याला आंबूस वास येतो. मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे. हेरफर्डबाहेरच्या एका खेड्यात भाड्यानं घर घेतलंय. मागच्या अंगणात दोन सफरचंदाची झाडं आहेत. पहिल्या वर्षी रात्री शेडच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं, मला वाटलं चोर. सकाळी बघते तर नारळाच्या करवंटीएवढं हिरवंगार सफरचंद.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आई आली, सहा महिन्यांसाठी. ती यायच्या आदल्या दिवशी मी काय केलं ते सांगते. स्वयंपाकघरात सायडरच्या चार बाटल्या होत्या. त्या पिशवीत घालून शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनच्या मागे ठेवल्या. वर पोतं टाकलं. पोतं नीट करताना हात थांबला. अप्पा पिठाच्या डब्यात लपवायचे. मी तेहतीस वर्षांची, स्वतःच्या पैशांनी भाडं भरणारी बाई आणि मी बाटल्या लपवत होते.

मी शनिवारी एखादी बाटली पिते. कधी दोन. आईला हे माहीत नव्हतं.

*

आईनं आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते हिरवं सफरचंद कापलं, फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कैरी हाय की ही!"

बरोबर आहे तिचं. या जातीचं नाव ब्रॅम्ली. इंग्लंडमध्ये खायची सफरचंदं वेगळी, शिजवायची वेगळी आणि सायडरची तर पूर्णच वेगळी. ब्रॅम्ली शिजवायचं. त्यात मॅलिक आम्ल भरपूर, म्हणून दात आंबतात. इथली माणसं ते पायमध्ये घालतात किंवा क्रंबल करतात: खाली साखर घातलेल्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखर चोळून केलेला चुरा, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. क्रंबल दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगच्या काळात फार चाललं, कारण पायच्या कणकेला लोणी जास्त लागतं. आईला ते आवडलं, पण "वेलची का घालीनात ही माणसं?" हा प्रश्न तिला अजून पडलेला आहे.

तिनं मग आठवडाभर कैरीचं जे जे होतं ते ते ब्रॅम्लीचं केलं. आंबट वरण झालं. पन्हं झालं, कैरीला जो उग्र वास असतो तो नसल्यामुळे जरा सपक. चटणी उत्तम. मेथांबा पहिल्यांदा पार फसला. ब्रॅम्लीला चटका लागला की पाच मिनिटांत त्याचा फेस होतो, फोड म्हणून राहतच नाही. आईनं कढईत बघून अशी नजर टाकली की जणू भाजीवाल्यानं फसवलंय. दुसऱ्या वेळी तिनं क्रम उलटा केला, तो लिहून ठेवते, कारण परदेशात कैरीवाचून तळमळणारे बरेच जण हे वाचत असतील.

अर्धा किलो ब्रॅम्ली सोलून मोठ्या फोडी करून मिठात घोळवून ठेवायच्या. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, एक सपाट चमचा मेथीदाणे. मेथी लालसर झाली की लगेच हिंग-हळद, काळी होऊ द्यायची नाही. मग अर्धी वाटी पाणी आणि पाव किलो चिरलेला गूळ. एरवी फोडी आधी शिजवतो, इथे गूळ आधी. पाक जरा दाटला की तिखट घालायचं, मग सुटलेल्या पाण्यासकट फोडी घालायच्या, एकदा हलवायचं, झाकण ठेवायचं आणि दोन मिनिटांत गॅस बंद. राहिलेलं शिजणं आतल्या आत होतं. फोडी कडेनं विरघळतात, मधे टिकतात. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो म्हणतात. आमच्याकडे चार दिवस राहिला.

शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीचे, एकटे. त्यांना आईनं वाटीभर मेथांबा नेऊन दिला. त्यांनी तो टोस्टला लावून खाल्ला आणि वाटी परत करताना ब्रॅम्लीची गोष्ट सांगितली. मी नंतर वाचून पडताळली, खरी आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या लहान मुलीनं सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातलं एक रोप जगलं. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेवाल्या तरुणानं त्या झाडाच्या काड्या कलमासाठी मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, ने, पण सफरचंदाला माझं नाव दे.

आईला मी हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पेरलं पोरीनं, आणि नाव घर घेणाऱ्याचं. सातबाऱ्यासारखंच."

या गोष्टीतला मला जास्त आवडतो तो भाग दुसरा आहे. सफरचंदाची बी पेरली तर तेच सफरचंद येत नाही. गोडाच्या पोटी आंबट, आंबटाच्या पोटी कडू, काहीही. प्रत्येक बी म्हणजे नवीन पत्त्यांचा डाव. म्हणून हवी ती जात टिकवायची तर कलमच करावं लागतं, आणि जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली त्या एका रोपाच्या काडीपासून आलेलं आहे. हा स्वभाव मूळचा. सफरचंदाचं माहेर मध्य आशियातल्या तिएनशान डोंगरात, आजच्या कझाकस्तानात. तिथे रानात सफरचंदाची जंगलं आहेत, आणि शेजारशेजारच्या झाडांची फळं रंगानं, आकारानं, चवीनं एकमेकांसारखी नाहीत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९ साली अल्माटीजवळ ती बघून आले आणि त्यांनी हेच सफरचंदाचं मूळ ठिकाण असल्याचं मांडलं. पुढे जनुकांच्या अभ्यासानंही तेच दाखवलं.

खाण तशी माती ही म्हण सफरचंदाला लागू नाही. माझ्या मोठ्या भावाला मात्र आमच्या नातेवाइकांनी ती त्याच्या लग्नाच्या वेळीसुद्धा ऐकवली होती. तो थेंबही पीत नाही. पिणारी मी आहे.

*

दुसरं झाड म्हातारं, वाकडं, अंगभर शेवाळ. फळं लहान आणि लालबुंद, दिसायला इतकी सुरेख की आईनं लगेच एक चावलं. आणि थुंकलं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून हसले. म्हणाले, यांना आम्ही 'स्पिटर' म्हणतो, थुंकायची सफरचंदं. ही सायडरची.

अशा सफरचंदांत टॅनिन असतं. सायडरला अंग येतं ते त्यानं, नाहीतर ती नुसती आंबट पाणी होते. इंग्रजीत या फळांना कडू-गोड आणि कडू-आंबट अशी जोडनावं आहेत. आई म्हणाली, "कडू कुठं हाय? तुरट हाय." तिनं हिरड्याचं, जांभळाचं, कच्च्या केळ्याचं नाव घेतलं. आजोबांना तुरट म्हणजे काय हे समजावताना माझी पंचाईत झाली. त्यांच्या जिल्ह्याची सगळी कीर्ती ज्या चवीवर उभी आहे तिला आमच्याकडे एक साधा शब्द आहे.

कीर्ती जुनी आहे. सतराव्या शतकात होम लेसी इथल्या लॉर्ड स्कुडामोर यांनी रेडस्ट्रीक नावाचं सायडरचं सफरचंद लावून वाढवलं आणि त्याची सायडर फ्रेंच वाइनच्या तोडीची मानली जायची. १८७६ ते १८८५ या काळात इथल्या निसर्गप्रेमींच्या वूलहोप क्लबनं 'हेरफर्डशर पोमोना' हा सफरचंद आणि पेअर या फळांचा चित्रग्रंथ भागाभागानं काढला. चित्रं ॲलिस एलिस आणि एडिथ बुल या दोघींनी काढली. किड, डाग, देठाजवळचा गंज, सगळं दाखवणारी. मी त्यातल्या चित्रांच्या प्रती बघत बसते कधी कधी. आणि १८८७ पासून बल्मर कुटुंबानं हेरफर्डमध्ये सायडरचा कारखाना चालवला. त्यांच्या जुन्या इमारतीत आता सायडरचं म्युझियम आहे.

तिथे मी आईला घेऊन गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला विषय काढायचा होता आणि म्युझियमच्या आडून काढायचा होता.

घोडा गोल फिरवून सफरचंद चिरडायची दगडी घाणी बघून तिला तेलाचा घाणा आठवला. दाबयंत्रं आवडली. मग आम्ही एका कपाटासमोर आलो. त्यात लाकडी छोटी पिंपं होती, खांद्याला अडकवायची. शेतमजूर सकाळी कामावर जाताना ती भरून घेत. मी पाटी वाचून सांगितलं: मजुरीचा काही भाग पैशांत आणि काही भाग सायडरमध्ये मिळायचा. रोज काही पाइंट, सुगीच्या दिवसांत आणखी. १८८७ साली कायदा करून शेतमजुरीत दारू द्यायला बंदी घातली.

आई कपाटासमोरून हलेना. मी पुढे जाऊन परत आले.

"म्हणजे मजुरीच प्यायची?"

"हो. थोडीशी."

"मग बायकांना काय द्यायचे?"

पाटीवर ते नव्हतं.

आता हे सांगायला हवं. अप्पा सूतगिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई दुपारी तीनलाच घरून निघायची आणि गिरणीच्या फाटकाशी उभी राहायची. ती एकटी नसायची, तिथे बायकांची रांगच असायची. कुणाच्या कडेवर मूल, कुणी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन तशीच आलेली. नवरा बाहेर आला की पाकीट हातात घ्यायचं. फाटकापासून गुत्ता फार लांब नव्हता, त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला तरी महिना गेला. मी दोनदा तिच्याबरोबर गेले होते. मला आठवतं ते एवढंच की अप्पा बाहेर आले, आम्हाला पाहिलं आणि लाजले. मारायचे ते नंतर, घरी.

म्युझियममधून परतताना बसमध्ये मी आईला सांगितलं की मी कधी कधी पिते. सायडर. घरात बाटल्या आहेत.

"शेडमधल्या?" ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी बघितल्या. पोतं कुणी असं घडी घालून ठेवतं का?"

पुढचे पाच-सहा थांबे आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. उतरताना तिनं विचारलं, "एकटी बसून पितीस का?" मी म्हटलं, कधी एकटी, कधी मैत्रिणी असतात. "एकटी पिऊ नको," ती म्हणाली. एवढंच. मी रडारडीची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली. पण नंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिला काही वाटलं नाही असा अर्थ कुणी काढू नये.

*

ऑक्टोबरच्या मध्यात शेजारच्या आजोबांनी त्यांचं दाबयंत्र बाहेर काढलं. दरवर्षी काढतात. या वेळी आमच्या झाडांचीही फळं घेऊन या म्हणाले. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "पडून सडण्यापेक्षा बरं." आणि बादली उचलून गवतात वेचायला लागली.

इथे घरच्यापुरती सायडर करायला परवाना लागत नाही, विकायची नाही एवढंच. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, त्यातूनच परमिट रूम हा अजब शब्द आला. घरी असलं काही केलं तर पोलीस दारात. आईनं विचारून घेतलं की इथे पोलीस येत नाहीत ना.

तीन प्रकारची मिळून बावीस किलो फळं झाली: आमची थुंकायची, थोडी ब्रॅम्ली आणि बाकी आजोबांची खायची गोड. धुऊन घेतली. मुकी मार लागलेली चालतात, बुरशी आलेली नाही. मग हातानं फिरवायच्या खवणीयंत्रातून चुरा करायचा, जाळीच्या कापडात बांधायचा, यंत्रात ठेवून दांडा फिरवायचा. श्रीखंडाचा चक्का पिळतो तसंच, फक्त इथे टाकायचं ते कापडात राहतं आणि हवं ते खाली गळतं. रस निघतो तेव्हा सोनेरी, दोन मिनिटांत कोऱ्या चहाच्या रंगाचा. बारा लिटर मिळाला. आईनं पेलाभर चाखला, घरात गेली, आलं-लिंबू पिळून आणलं आणि आजोबांना रसवंतीची दीक्षा दिली. अमेरिकेत या न आंबवलेल्या रसालाच सायडर म्हणतात. तिथे मी असते तर ही गोष्ट लिहावीच लागली नसती.

चोथा डुकरांना जातो. दांडा फिरवताना आजोबा आईशी बोलत होते आणि मी मधे दुभाषी. त्यांचे आजोबा शेतमजूर होते. कायदा झाल्यावरही सायडर मिळतच होती म्हणे, फक्त तिला मजुरी म्हणायचं नाही. आईनं म्युझियममधला प्रश्न तिथे विचारला. मी तो जसाच्या तसा इंग्रजीत केला: मग तुमच्या आजीला काय मिळायचं?

त्यांनी दांडा थांबवला. बराच विचार केला.

"धुणी," ते म्हणाले. "ती लोकांची धुणी धुवायची."

आईनं मान हलवली. "सांग त्यांना, मी विड्या वळल्या." मी सांगितलं. विडी म्हणजे काय हेही सांगितलं. हजार विड्यांना किती मिळायचे ते आईनं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं माझं भाषांतर चुकलं.

साडेचार लिटरचे दोन काचेचे बुधले भरले. उरलेला रस फ्रीझरमध्ये. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगवली तर आकडा आला १.०४८. त्यात यीस्टचं पाकीट, तोंडाला पाण्याचा सापळा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. हवा गेली तर व्हिनेगर. दोन्ही बुधले जिन्याखालच्या कपाटात.

दुसऱ्या रात्रीपासून बुडबुडे सुरू झाले. बुडुक. बुडुक. आईची झोपायची खोली वर, बरोबर त्याच्यावर. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ती जिन्यावर बसलेली. म्हणाली, "वास तोच हाय." आमच्या वस्तीमागे ओढ्यात हातभट्टी लागायची, गुळाची. पोलीस आले की पिंपं पालथी करायचे आणि आठवडाभर ओढ्याला तो वास असायचा. मी म्हटलं, फेकून देते. खरंच देणार होते, बुधला उचललाही. ती म्हणाली, "ठेव. वासानं काय होतंय. आणि एवढी फळं मी वेचलीत, कंबर अजून धरलीय."

त्यानंतर ती रोज सकाळी कपाट उघडून बुडबुडे मोजायची. मिनिटाला किती. कॅलेंडरवर लिहून ठेवायची, दूधवाल्याच्या हिशोबासारखं. चाळीस, बत्तीस, अकरा. नोव्हेंबरच्या शेवटी दोन मिनिटांना एक. आकडा १.००० वर आला म्हणजे सगळी साखर संपली. साधारण सहा टक्के दारू. आईनं विचारलं, "हातभट्टी किती टक्के?" मला उत्तर देता आलं नाही.

डिसेंबरमध्ये गाळ खाली ठेवून वरची सायडर नळीनं काढली आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरली. झाकणाला तार असलेल्या, जाड काचेच्या. बाटलीमागे अर्धा चमचा साखर, म्हणजे फेस येतो. जास्त घातली तर बाटली फुटते, आणि पातळ काचेची तर फुटतेच. साखर आईनं मोजली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता.

*

१७ जानेवारीला इथे सफरचंदाच्या झाडांची पूजा असते. पूजा हा माझा शब्द, त्यांचा वासेल. खरं तर नाताळनंतरच्या बाराव्या रात्रीचा सण, पण १७५२ मध्ये इंग्लंडनं कॅलेंडर बदललं तेव्हा अकरा दिवस उडाले आणि खेड्यातल्या लोकांनी जुनाच दिवस धरून ठेवला. झाडाच्या फांदीत सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट अडकवतात, बुंध्याशी सायडर ओततात, गाणी म्हणतात आणि भांडी बडवून वाईट ते पळवून लावतात, म्हणजे पुढच्या वर्षी फळ चांगलं धरेल.

गावातले पंधरा-वीस जण टॉर्च घेऊन आमच्या अंगणात आले, कारण आजोबांनी ठरवलं की यंदा आमचं वाकडं झाड. थंडी हाडात शिरणारी. आईनं साडीवर माझा कामाचा जाडा कोट घातलेला, डोक्याला मफलर. तिच्या हातात पातेलं आणि लाटणं. ती सगळ्यांत जोरात बडवत होती.

आमची पहिली बाटली आजोबांनी उघडली. तार सुटली तशी फस्सकन आवाज झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी कपात ओतून आधी आईला दिली, कारण फळं तिनं वेचली होती. मी घाईघाईनं इंग्रजीत म्हणाले, ती घेत नाही. आईनं मला हातानंच थांबवलं. कप नाकाशी नेला. मग झाडाजवळ गेली, खाली वाकली आणि सगळा कप हळूहळू मुळाशी ओतला. लोकांना वाटलं ती रीतच पाळतेय, आणि ते ओरडले. तिनं आयुष्यात बऱ्याच बाटल्या ओतल्यात, मोरीत, आणि त्याबद्दल मार खाल्लाय. इथे वीस माणसं टाळ्या वाजवत होती.

मग आजोबांनी मला कप दिला. मी आईकडे बघितलं. ती पातेल्याला पोचा आला का ते टॉर्चखाली बघत होती. मी प्यायले. आंबट, कोरडी, मागून जिभेच्या कडेला तुरट. बरी झाली होती, फार नाही.

सगळे गेल्यावर ती आत बाटली धुवत उभी होती. तारेचं झाकण दोनदा उघडून बंद करून बघितलं.

"चांगल्या हाईत," म्हणाली. "रिकाम्या होतील तशा धुऊन ठेव. मला तेलाला दोन लागतील."